आरक्षण सिस्टीम बदलताना : नियम विभागाच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

आपल्या विमान कंपनीची आरक्षण सिस्टीम बदलायची आहे, त्या कामाची वाटणी झाली. तंत्रज्ञान विभाग डेटा हलवणार, विमानतळ विभाग काउंटरवरच्या माणसांना शिकवणार आणि आमच्या छोट्या गटाकडे नियम. "नियमांचं काय काम? ते तर छापलेलेच आहेत," असं बैठकीत कुणीतरी म्हणालं.

दुपारभर बसून पाहिलं. पुस्तिकेत छापलेलं, सिस्टीम करू देते ते आणि काउंटरवर प्रत्यक्ष घडतं ते, या तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. पुस्तिका म्हणते, प्रवासी जाण्याच्या विमानाला आलाच नाही तर त्याचा परतीचा प्रवास आपोआप रद्द. आपली जुनी सिस्टीम आपोआप काहीच रद्द करत नाही. रात्रपाळीतला एक माणूस यादी काढतो आणि एकेक बुकिंग हाताने रद्द करतो. म्हातारं माणूस किंवा लहान मुलांसोबतची बाई दिसली की आधी फोन लावतो. नवी सिस्टीम हेच काम क्षणात उरकेल, फोन न करता. मग आपला खरा नियम कोणता धरायचा, छापलेला की वर्षानुवर्षं पाळला जाणारा? पहिलाच प्रश्न हा लिहून ठेवला.

१२ मार्च, बुधवार

यादी वाढतेय. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारतो: हा आपण ठरवलेला नियम आहे, की यंत्राला जमत नव्हतं म्हणून झालेला?

बुकिंगच्या पडद्यावर एका वर्गात किती जागा शिल्लक आहेत ते एकाच अंकात दिसतं. ९ दिसले तर नऊ किंवा त्याहून कितीही. एका पीएनआरमध्ये नऊच प्रवासी आणि दहाव्यापासून ग्रुप बुकिंग, या जगभरच्या प्रथेचं नातं त्या एका अंकाशी आहे. भाड्याचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखतात, म्हणून जास्तीत जास्त सव्वीस. तारीख दिवस आणि महिना एवढीच लिहितात, वर्ष नसतं. साल नसलेली तारीख वर्षाच्या आतच निःसंदिग्ध राहते. कितीतरी कंपन्यांची विक्री प्रवासाआधी साधारण ३३० दिवसांवर उघडते, आपलीही ३३१ दिवसांवर.

हे सगळं फार जुनं आहे. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ एकाच विमानात भेटले. त्या गप्पांतून सेबर हे संगणकी आरक्षणाचं यंत्र जन्माला आलं आणि १९६४ पर्यंत कंपनीच्या सगळ्या जाळ्यावर पसरलं. तेव्हा मेमरी महाग होती, एकेक अक्षर मोजून वापरलं जायचं. त्या लोकांनी केलेली काटकसर आज आपल्याकडे नियम म्हणून छापलेली आहे. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. साठ वर्षं टिकलेलं काम आहे ते. पण सांगलीच्या बारा जणांच्या कुटुंबाला "तुम्ही ग्रुप आहात, ऑनलाइन होणार नाही" असं सांगताना कारण काय, ते आपल्याला तरी ठाऊक असायला हवं.

२६ मार्च, बुधवार

नावं. एवढा वेळ कशालाच लागला नव्हता.

जुन्या सिस्टीममध्ये आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव आणि त्याला चिकटून संबोधन. स्नेहा रमेश कुलकर्णी असेल तर स्नेहा, रमेश आणि मिसेस सगळं सलग, मध्ये जागा नाही. नव्या सिस्टीममध्ये संबोधनाला वेगळा रकाना आहे. म्हणजे हलवताना शेवटची अक्षरं कापून त्या रकान्यात टाकायची. तंत्रज्ञान विभागाने तसं लिहूनही ठेवलं होतं. पण अरबीत अम्र हे नाव आहे. इंग्रजी लिपीत लिहिलं की त्याची शेवटची दोन अक्षरं मिस्टरच्या संक्षेपासारखीच दिसतात. संबोधन न लिहिलेलं असं नाव कापलं तर त्या माणसाच्या तिकिटावर फक्त पहिलं अक्षर उरेल. आखाती मार्गांवर हा प्रवासी दुर्मीळ नाही. कापण्याआधी पासपोर्टच्या तपशिलाशी ताडून पाहायचं ठरलं. पासपोर्ट नोंदलेला नसेल ते बुकिंग माणसाने पाहायचं.

दुसरा प्रश्न आपल्याच मातीतला. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेली खूप माणसं आहेत. काउंटरवाले आणि एजंट अशा वेळी एकच नाव दोन्हीकडे लिहितात, कुणी आडनावाच्या जागी नुसतं संबोधन टाकतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसावर एकाच नावाचा पासपोर्ट चालणार नाही असं कळवलं. मागून खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर हरकत नाही. ही माहिती आपल्या पुस्तिकेत आजतागायत एका तळटिपेत होती. नव्या सिस्टीममध्ये ती बुकिंग करतानाच विचारली जाईल. त्यासाठी मी भांडले आणि ते मान्य झालं.

लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या बायकांचं काय, ते उद्या.

९ एप्रिल, बुधवार

दुसऱ्या कंपन्यांनी हे कसं केलं याचं वाचन. मोठ्या बैठकीसाठी टिपण तयार करायचंय.

वेस्टजेट आणि जेटब्लू या दोघींनी चारेक महिन्यांच्या अंतराने जवळपास सारखाच बदल केला, नॅव्हिटेअर या आरक्षण सिस्टीमवरून सेबरवर. वेस्टजेट ऑक्टोबर २००९ मध्ये गेली. आधीच विकलेल्या प्रवासांच्या आठ लाखांहून अधिक नोंदी कॅल्गरीतल्या जुन्या सर्व्हरवरून तल्सातल्या सेबरच्या सर्व्हरवर हलवायच्या होत्या. वेबसाइट पुन्हापुन्हा कोसळली, फोनवर लोक ताटकळले, शेवटी माफीची पत्रं आणि पुढच्या प्रवासासाठी सवलती द्याव्या लागल्या. जेटब्लूने ते पाहिलं आणि जानेवारी २०१० च्या अखेरीस शुक्रवारी रात्री बदल केला, कारण शनिवारी गर्दी कमी. त्या दिवसांत विमानांतल्या जागाच कमी विकल्या, पर्यायी वेबसाइट तयार ठेवली, फोनसाठी सुमारे ५०० तात्पुरती माणसं घेतली. त्यांनाही त्रास झालाच, पण आवाक्यातला.

सॉफ्टवेअर तेच होतं. फरक पडला तो धोरणाने: कमी विकायचं ठरवलं, म्हणजे त्या दिवसांच्या कमाईवर आधीच पाणी सोडलं. महसूल विभागाला हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज यांच्या विलीनीकरणाचं उदाहरण वेगळ्या वळणाचं. १७ ऑक्टोबर २०१५ ला दोन सिस्टीमची एक व्हायची होती. १८ जुलैपासूनच त्या तारखेनंतरची विमानं फक्त अमेरिकनच्या नावाने विकायला सुरुवात केली. मधल्या नव्वद दिवसांत यूएस एअरवेजची बुकिंग आपोआप आटत गेली आणि शेवटच्या रात्री हलवायला थोडीच उरली. याच यूएस एअरवेजने मार्च २००७ मध्ये अमेरिका वेस्टशी सिस्टीम एकत्र केली तेव्हा विमानतळावरचे कियॉस्क बंद पडून रांगा लागल्या होत्या. युनायटेडने ३ मार्च २०१२ ला कॉन्टिनेन्टलसोबत एका रात्रीत सगळं बदललं, तिथेही गोंधळ झाला.

साउथवेस्टनेही तारखेचीच रेघ ओढली. ९ मे २०१७ पासूनचे प्रवास नव्या सिस्टीममध्ये, त्याआधीचे जुन्यात. नव्यातली विक्री काही महिने आधीच सुरू केली होती. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या सिस्टीमला मध्यरात्र ओलांडणारी विमानं झेपत नव्हती, म्हणून त्यांच्याकडे रात्रभराची उड्डाणं नव्हती. सिस्टीम २०१७ मध्ये बदलली. पहिलं रात्रीचं उड्डाण या फेब्रुवारीत निघालं. यंत्र मोकळं झालं म्हणून नियम मोकळा होत नाही. वैमानिकांचे तास, दुरुस्तीच्या वेळा, सगळं पुन्हा मांडावं लागतं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण एअर इंडियात विलीन झालेल्या विस्ताराचं. ३ सप्टेंबर २०२४ पासून विस्ताराने १२ नोव्हेंबरपासूनच्या प्रवासाची विक्री थांबवली, ती विमानं एअर इंडियाच्या नावाने विकली गेली. विमानांच्या क्रमांकातला यूके हा विस्ताराचा कोड गेला आणि विमानांचे क्रमांक एआय २ ने सुरू होऊ लागले. २ हा आकडा निवडणं साधं पण विचारी होतं: प्रवाशाला आणि विमानतळावरच्या माणसाला नंबर पाहताच कळायचं की हे पूर्वीचं विस्ताराचं विमान.

१० एप्रिल, गुरुवार

तारखेची रेघ ओढण्याचा पर्याय आपल्याला बंद आहे. जुन्या सिस्टीमचा करार संपतोय, दोन्ही समांतर चालवता येणार नाहीत. एकाच रात्रीत करावं लागेल. म्हणजे जेटब्लूचा रस्ता.

२१ मे, बुधवार

तारीख ठरली: शनिवार १३ सप्टेंबरची रात्र ते रविवार १४ ची सकाळ.

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपतीला गावी गेलेले लोक तोवर परतलेले असतात. २२ ला घटस्थापना, तिथून दिवाळीपर्यंत उसंत नाही. मधला पंधरवडा पितृपक्षाचा. पावसाळ्याची तिमाही आपल्या धंद्यात मंदीचीच असते आणि त्यातही हे दिवस सर्वांत रिकामे. विमानतळ विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी शांतपणे विचारलं, "पितृपक्षात नवीन काम सुरू करायचं?" दोघातिघांच्या मनात ते होतंच. ज्या दिवसांत लोक नवीन काही घेत नाहीत त्याच दिवसांत विमानं रिकामी असतात, आणि पहिल्या दिवशी रिकामं विमान हीच आपली सर्वांत मोठी सुरक्षितता आहे, असं मी म्हणाले. सरांनी मान डोलावली आणि नव्या सर्व्हरची पूजा आषाढी एकादशीलाच उरकून घ्यायचं सुचवलं. तसंच करणार आहोत.

१८ जून, बुधवार

कोल्हापूर, उजळाईवाडी विमानतळ. मुद्दाम छोटं स्टेशन निवडलं. मुंबईला एखादी व्यवस्था कोलमडली तर मदतीला पन्नास माणसं असतात, इथे नसतात.

काउंटरवरच्या ताई या कामात मुरलेल्या आहेत. त्यांच्या खणात एक वही आहे. "मॅडम, सिस्टीममध्ये व्हीलचेअर असं नुसतं येतं. पण कुणाला जिना चढता येतो, कुणाला उचलून न्यावं लागतं, ते मी फोन करून विचारते नि हिकडं लिहिते."

व्हीलचेअरचे तीन कोड आहेत: लांब चालता न येणारा पण जिना चढू शकणारा, जिना न चढू शकणारा, आणि अजिबात हालचाल न करू शकणारा. मुंबईत विमानाला पूल लागत असल्याने पहिल्या दोघांत फारसा फरक पडत नाही, म्हणून कॉल सेंटर सरसकट पहिला कोड टाकतं. इथे छोट्या विमानाला पायऱ्याच आहेत. चुकीचा कोड म्हणजे पायथ्याशी अडकलेले आजोबा. खरी माहिती एक तर ताईंच्या वहीत असते, नाही तर बुकिंगखालच्या मोकळ्या रिमार्कमध्ये कुणीतरी लिहिलेली. आणि मोकळे रिमार्क हलवायचे नाहीत असं तंत्रज्ञान विभागाने ठरवलंय, कारण त्यात कचरा फार.

परत येताना गाडीत बसूनच मेल लिहिला. तारखेनंतरच्या सगळ्या बुकिंगचे रिमार्क काढा. व्हीलचेअर, ऑक्सिजन, एकटं मूल, ऐकू न येणं, दिसत नसणं असे शब्द असलेले वेगळे करा. ते माणसं वाचतील आणि योग्य कोड टाकतील.

४ जुलै, शुक्रवार

रिमार्क वाचण्याला मंजुरी. चार मुलं दोन आठवडे हेच करणार. रात्रपाळीच्या प्रश्नाचाही निकाल लागला: न आलेल्या प्रवाशाचा परतीचा प्रवास सिस्टीमच रद्द करेल, पण आधी संदेश जाईल आणि उत्तराला काही तास मिळतील. छापील नियम त्याप्रमाणे बदलला.

१७ जुलै, गुरुवार

बंधनं कशावर, सूट कुणाला, किती दिवस, यावर दिवसभर खल. ठरलं ते असं.

बदलाच्या आठवड्यात कर्मचाऱ्यांची सवलतीची तिकिटं बंद. वेळापत्रकात दोन आठवडे आधीपासून कोणताही बदल नाही. पहिले तीन दिवस नवीन ग्रुप, पाळीव प्राणी आणि एकटी प्रवास करणारी मुलं घ्यायची नाहीत. पहिल्या दोन दिवसांच्या विमानांत जागा कमी विकायच्या. व्हीलचेअरवर मात्र कोणतंही बंधन नाही. "तीन दिवसच तर आहेत" असं एकाने सुचवलं होतं. अपंग प्रवाशाला नाकारता येत नाही असा नियमच आहे, आणि नसता तरी मी त्यावर सही केली नसती.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. प्रवास किमान सात दिवस लांब असेल तर बुकिंगनंतर चोवीस तासांत विनाशुल्क रद्द करता येतं, हा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, सध्याचा (२०२५) नियम. शनिवारी ज्याने तिकीट काढलं त्याचे चोवीस तास नेमके सिस्टीम बंद असतानाच सरणार. आपण दुकान बंद ठेवायचं आणि त्याची मुदत मोजत राहायची, हे चालणार नाही. सिस्टीम उघडल्यापासून अठ्ठेचाळीस तास द्यायचे ठरलं. कार्डावरच्या परताव्याची सात दिवसांची मुदत मात्र आपल्यासाठी थांबत नाही. रद्द झालेले व्यवहार बंद काळात कागदावर नोंदायचे आणि आधी तेच करायचे.

एजंट मंडळींबरोबरच्या बैठकीत सांगलीचे एक काका स्पष्ट बोलले. "मॅडम, तुमची सूट परिपत्रकात असते. तीन महिन्यांनी हिशेब तपासणारा येतो, त्याला परिपत्रक माहीत नसतं, आणि एडीएम माझ्या दारात." खरं आहे. फुकट केलेल्या प्रत्येक बदलावर वेव्हर कोड, म्हणजे शुल्क माफ केल्याची खूण लागते, ती नसेल तर फरकाची रक्कम एजंटकडून वसूल होते. एडीएम म्हणजे त्या वसुलीची मागणी. यावेळी कोड एकच ठेवला, लांबलचक नाही, आणि हिशेब विभागाने त्यावर आधी सही केली. काकांना फोन करून सांगितलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी रंगीत तालीम. सहा अक्षरी पीएनआर नव्या सिस्टीममध्ये बदलणार, पण लोकांच्या मोबाइलवर जुनाच आहे, म्हणून दोन्ही चालवायचे. जुना एकाचा आणि नवा दुसऱ्याचा योगायोगाने सारखा निघू शकतो, तेव्हा आडनाव विचारल्याशिवाय बुकिंग उघडायचं नाही. तेरा आकडी तिकीट क्रमांक तसाच राहतो. काउंटरवाल्यांना सांगितलं, अडलात तर तिकीट क्रमांक मागा.

२ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या स्टेशनांवर कागदी बोर्डिंग पास आणि आसनांचे स्टिकर पोचले. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पेटी उशिरा, पण पोचली.

१३ सप्टेंबर, शनिवार, रात्र

दहा वाजता विक्री बंद. रविवारी सकाळच्या सगळ्या विमानांच्या प्रवासी याद्या छापून स्टेशनांना गेल्या. कोल्हापूरच्या ताईंनी यादी मिळाल्याचं कळवलं आणि व्हीलचेअरच्या तिन्ही प्रवाशांचे कोड वहीशी जुळले असंही.

विमानागणिक मोजणी: जुन्यात किती, नव्यात किती. बहुतेक जुळली. न जुळलेल्यांत बरीच एकाच प्रकारची, भागीदार कंपनीच्या विमानाने पुढे जाणारी. पहाटे तीनला कारण सापडलं, पुढच्या टप्प्याचा संदेश दोनदा आल्याने जागा दुप्पट धरली गेली होती. माणसं सुटलेली नाहीत हे आधी पाहिलं, जास्तीच्या जागा मग काढल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिली चार विमानं छापील यादीवर, हाताने. नंतर सिस्टीमवर. उशीर झाला, पण कुणी मागे राहिलं नाही. वेबसाइट दुपारी उघडली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

क्यू उपसणं चालू आहे. माणसाने पाहावं अशी बुकिंग सिस्टीम क्यूमध्ये टाकते, आणि नवी सिस्टीम जुन्याहून कितीतरी जास्त टाकते. मुलं थकलीत. क्रम प्रवासाच्या तारखेने लावला, आलेल्या वेळेने नाही. उद्या उडणारा माणूस आधी.

एजंटांची तक्रार: त्यांच्या पडद्यावर आपल्या जागा कधीकधी शिल्लक असून शून्य दिसतात. संदेश उशिरा पोचतोय. तंत्रज्ञान विभागाकडे.

८ ऑक्टोबर, बुधवार

आढावा. दहा जणांच्या ग्रुपचा नियम एजंटांसाठी तूर्त तसाच, त्यांच्या पडद्यावर आकडा अजून एकच अंकी आहे. आपल्या वेबसाइटवर बारा जणांपर्यंतची चाचणी सुरू करायला हरकत नाही, दिवाळीनंतर.

वेव्हर कोड १५ तारखेला संपत होता. महसूल विभागाला तो तिथेच संपवायचा होता. माझं म्हणणं, कोडची मुदत आपल्या प्रकल्पाच्या तारखेवर नको, प्रवाशाच्या तिकिटावर हवी. १३ सप्टेंबरला रात्री जुन्या सिस्टीममध्ये निघालेलं शेवटचं तिकीट ३३१ दिवसांनंतरच्या प्रवासाचं असू शकतं. तो माणूस १० ऑगस्ट २०२६ ला काउंटरवर येईल, हातात जुना पीएनआर घेऊन, आणि त्याचं नाव हलवताना कापलं गेलं असेल तर तेव्हाच ते कळेल. नाव, व्हीलचेअर आणि दुहेरी जागा या तीन कारणांसाठी कोड त्या तारखेपर्यंत चालू. मंजूर झालं, परिपत्रक आज गेलं, हिशेब विभागाच्या सहीसकट.

नावं चुकीची कापली गेली का, या तपासणीची मासिक यादी पुढच्या सोमवारपासून. जबाबदारी माझ्याकडे.